सुमित्रा भावे यांचे सिनेमे: आठ रविवार, माडीवर, पांढऱ्या चादरीवर

वरुणतीर्थ (सोमवार, रात्री १०.२०)

मंडळी, गेले आठ रविवार आम्ही दहा-बाराजण कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका मित्राच्या माडीवर जमतोय. भिंतीवर पांढरी चादर, उसना प्रोजेक्टर, आणि वर पत्रा. पहिल्या दोन रविवारी पाऊस असा कोसळत होता की संवाद ऐकू येईनात, म्हणून सगळे सरकत सरकत पार चादरीला टेकले. ठरवलं होतं एवढंच, की सुमित्रा भावे यांचे सिनेमे मिळतील तेवढे, जमेल तसे जुन्यापासून नव्याकडं बघत जायचे. काल 'कासव' झाला. येत्या रविवारी 'दिठी', म्हणजे त्यांचा शेवटचा. तो बघायच्या आधी लिहून ठेवतोय, कारण डोक्यात फार साठलंय आणि आमच्या कंपूबाहेरच्या लोकांचं ऐकायचंय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. भावे १९४३ सालच्या, पुण्याच्या. सिनेमा कुठं शिकलेल्या नव्हत्या. समाजकार्याचं शिक्षण, कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवणं, आणि वस्तीतल्या बायकांमध्ये बसून त्यांचं ऐकून घेणं, हे त्यांचं काम. वस्तीतली बाई स्वतःकडं कशी बघते याचा अभ्यास चालला होता. पण ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांनाच ते वाचता येणार नव्हतं. त्या अडचणीतून १९८५ साली 'बाई' हा लघुपट झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८७ ला 'पाणी', मग नवऱ्यानं टाकलेली बाई सायकल शिकते तो 'चाकोरी', आणि १९९५ ला पहिला मोठा सिनेमा 'दोघी'. पहिल्यापासून सोबत सुनील सुकथनकर. तेव्हा ते अगदी पोरसवदा होते. नंतर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये (एफटीआयआय) दिग्दर्शन शिकून आले आणि शेवटपर्यंत दोघांनी मिळून काम केलं. बहुतेक गाणीही सुकथनकरांचीच. तेव्हा मी खाली नुसतं 'भावे' लिहिलं तरी ते दोघांचं आहे असं धरा.

आता मुद्द्याचं. हे सिनेमे सुटे सुटे बघितले की आपण म्हणतो, हा स्किझोफ्रेनियावरचा, हा कोडावरचा, हा स्मृतिभ्रंशावरचा, हा नैराश्यावरचा. मीही तसंच म्हणत होतो. ओळीनं बघितल्यावर मात्र मला दरवेळी एकच गोष्ट दिसायला लागली: कुणीतरी कुणाला तरी सांभाळतंय. आजारी माणसापेक्षा त्याच्या शेजारी बसलेल्या माणसावर कॅमेरा जास्त वेळ थांबतो. 'देवराई'त अतुल कुलकर्णी स्किझोफ्रेनिया झालेला 'शेष' झालाय आणि काम थोर केलंय, पण मला घरी जाताना आठवत राहिली ती सोनाली कुलकर्णीनं केलेली बहीण. भावाला घरी आणायचं, स्वतःचा संसार सांभाळायचा, आणि हे किती दिवस चालणार हे कुणालाच सांगता येत नाही.

'कासव' तर सगळा त्यावरच आहे. जानकी (इरावती हर्षे) स्वतः त्या अंधारातनं गेलेली. तिला एक पोरगा सापडतो, जीव द्यायला निघालेला (आलोक राजवाडे). ती त्याला घरी आणते आणि काही विचारत नाही. आपल्याकडं हे किती अवघड आहे बघा. पाहुणा दारात आला की पहिलं 'गाव कुठलं', दुसरं 'वडील काय करतात'. जानकी जेवण ठेवते, खोली देते आणि बाजूला होते. तिकडं किनाऱ्यावर दत्ताभाऊ (मोहन आगाशे) ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखतायत. अंडी जपायची, कोल्ह्याकुत्र्यांपासून वाचवायची. पण पिल्लं बाहेर आली की उचलून पाण्यात सोडायची नाहीत. समुद्रापर्यंतची वाळू त्यांची त्यांनी चालायची. माडीवर त्या वेळी कुणी बोललं नाही. आमच्यातल्या एकाचा मुलगा गेलं वर्षभर घरात बसून आहे. तो बापमाणूस चादरीकडं बघत होता, आणि मी त्याच्याकडं.

२०१७ ला 'कासव'ला सुवर्णकमळ जाहीर झालं. मराठीत त्याआधी ते फक्त 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ' आणि 'कोर्ट' यांना. त्या वर्षी मी इथल्या एका थिएटरात दुपारचा एकमेव खेळ बघायला गेलो. आम्ही सहाजण होतो. दहा तिकिटं झाली नाहीत म्हणून पैसे परत देऊन पाठवलं. देशातला सर्वोत्तम ठरलेला सिनेमा मी शेवटी आठ वर्षांनी एका चादरीवर बघितला. हे मला अजून लागतं.

तुम्ही काय बघितलंय, काय आवडलं, काय नाही, मोकळेपणानं लिहा.


भुदरगडी (सोमवार, रात्री ११.०५)

लई भारी लिहिलंयस भावा. मी 'दोघी' लहानपणी टीव्हीवर बघितलेला, गावाकडं, सगळी आळी आमच्या सोप्यात. गौरीच्या लग्नादिवशीच नवरा मुलगा अपघातात जातो आणि सगळं गाव तिला पांढऱ्या पायाची म्हणायला लागतं. तिथवर बायका हळहळत होत्या. पुढं मामा तिला मुंबईला नेतो आणि ती कुठं पोचती हे कळलं, तशा निम्म्या उठून गेल्या. आई उठली नाही. शेवटपर्यंत बसली.

पुढं कळलं, आईची एक चुलत बहीण अशीच मुंबईला गेलेली. तिच्या मनीऑर्डरी यायच्या, घरानं घेतल्या, पण तिचं नाव कुणी काढत नव्हतं. आईनं ते मला त्या रात्री नाही, पंधरा वर्षांनी सांगितलं, आणि सुरुवात केली ती 'त्या दोघींच्या सिनेमातल्यागत' अशी. बाकी सिनेमातलं मला काय कळत नाही. पण आईला बोलायला शब्द भावेबाईंनी दिला.


खरीकॉर्नर (मंगळवार, सकाळी ८.४०)

धागा वाचून राहवलं नाही. आपण कोल्हापूरकर सिनेमा म्हटला की बाबूराव पेंटर, महाराष्ट्र फिल्म कंपनी, प्रभात, जयप्रभा स्टुडिओ, भालजी पेंढारकर इथं सुरू होतो आणि तिथंच थांबतो. खरी कॉर्नरच्या कॅमेऱ्याच्या स्तंभापुढनं रोज जातो, पण बाबूरावांनी नेमकं काय केलं ते विसरतो. त्यांनी १९२५ साली 'सावकारी पाश' केला. पौराणिक सिनेमांच्या दिवसांत कर्जात बुडालेला शेतकरी, त्याची गेलेली जमीन आणि शहरातली गिरणी. तरुण शांताराम त्यात शेतकरी झाले होते. आज ती मूक प्रत बघायला मिळत नाही. पुढं १९३६ ला बाबूरावांनी तो बोलपट म्हणून पुन्हा केला.

माझं म्हणणं असं की भावेबाईंचा सिनेमा पुण्यात झाला असला तरी त्याचं गोत्र तेच. 'वास्तुपुरुष' बघा. कुळकायद्यात जमिनी गेलेलं घर, पडका वाडा, पुरलेल्या धनाच्या नादी लागलेला माणूस, आणि एका मुलानं तरी डॉक्टर होऊन या घरानं लोकांचं घेतलेलं फेडावं म्हणून हट्ट धरून बसलेली आई. उत्तरा बावकर काय उभ्या राहिल्यात त्यात! त्या २०२३ ला गेल्या, पण ती आई डोळ्यांपुढनं हलत नाही. 'सावकारी पाश'मध्ये जमीन सावकार घेतो, 'वास्तुपुरुष'मध्ये ती कायद्यानं कुळांकडं जाते. दोन्हीकडं जमीन गेल्यावर घरातली माणसं कशी बदलतात, हे दाखवलंय. आमच्या घरची पाच एकर कुळात गेली. आजोबांनी मरेपर्यंत त्या शेताकडं जाणारी वाट धरली नाही, लांबच्या वाटेनं जायचे. 'वास्तुपुरुष' बघेपर्यंत मला त्यांचा फक्त राग दिसत होता.


जयंतीकाठ (मंगळवार, दुपारी १.१५)

सगळे कौतुक करतायत म्हणून मुद्दाम वेगळं लिहितो, राग मानू नका. मला भावे आवडतात, पण सगळ्या नाहीत. 'दहावी फ'मध्ये शेवटच्या बाकावरची पोरं, त्यांच्यावर बसलेला शिक्का, त्यांनी केलेली मोडतोड, इथवर उत्तम. पण मग माणसं एकमेकांशी बोलायची थांबतात आणि प्रेक्षकाशी बोलायला लागतात. 'नितळ'मध्येही काही ठिकाणी तसं वाटलं. कोडाबद्दलचे गैरसमज दूर व्हावेत हे मान्य, पण गैरसमज दूर करणारं वाक्य कुणाच्या तरी तोंडी आलं की ते पात्र तेवढ्यापुरतं मरतं. विषयासाठी सिनेमा की सिनेमासाठी विषय, ही शंका मला त्यांच्या निम्म्या कामाबद्दल आहे.

उलट 'एक कप च्या' मला फार आवडतो. कोकणातला साधा कंडक्टर, त्याला विजेचं हजारो रुपयांचं बिल येतं आणि तो माहितीच्या अधिकाराचा अर्ज करतो. यातही माहिती द्यायचीच आहे, पण किशोर कदमनं ज्या सावकाशीनं तो कागद हातात धरलाय त्यात सगळं येतं. भाषण लागत नाही.


निपाणीवाली (मंगळवार, रात्री ९.३०)

'अस्तु'बद्दल अजून कुणी कसं लिहिलं नाही? मग मी लिहिते.

चक्रपाणी शास्त्री, संस्कृतचे मोठे पंडित, आता काहीच आठवत नाही. मुलगी त्यांना गाडीत बसवून दुकानात जाते, तेवढ्यात रस्त्यावर हत्ती दिसतो आणि ते लहान मुलासारखे उतरून त्याच्या मागोमाग निघतात. पुढं ती हत्तीवाल्याची बायको, चन्नम्मा. अमृता सुभाषनं केलीय, त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला तिला. चन्नम्मा कन्नड बोलते, आजोबांना मराठी-संस्कृतसुद्धा धड उरलेलं नाही. माझं माहेर निपाणीचं, सासर कोल्हापूर. घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी. मला तिचं प्रत्येक वाक्य कळत होतं आणि तरी वाटत होतं की कळलं नसतं तरी चाललं असतं. ती त्यांना भरवते, स्वच्छ करते, दटावते, आणि ते तिला आई म्हणतात. घरी तिची पोरं आहेत, खायला पुरेसं नाही, वर हत्तीचं पोट. तरी हे म्हातारं बाळ तिनं पदरात घेतलं.

मुलगी इरा वाईट आहे का? अजिबात नाही. ती दमलेली आहे. वडिलांना तिनं खूप सांभाळलंय. हेच मला भावेबाईंचं मोठेपण वाटतं. दुसरा कुणी असता तर शिकलेली मुलगी निष्ठुर आणि गरीब बाई देवमाणूस अशी सोपी जोडी लावून मोकळा झाला असता. इथं दोघींचंही खरं आहे. चन्नम्माला ते जमतं, कारण तिनं त्या माणसाला विद्वान म्हणून कधी बघितलेलंच नाही. तिला काही गमवायचं नाही. इरा रोज थोडे थोडे वडील गमावतेय.

आणि हत्ती! नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण वनताराला नेल्यापासून आमच्याकडं पडद्यावर हत्ती आला तरी बायकांचे डोळे भरतात. मी परवा पुन्हा 'अस्तु' लावला तर सासूबाई म्हणाल्या, पुढं काय होतंय ते राहू दे, त्या हत्तीला जरा दाखवत राहा.


रात्रपाळी (बुधवार, पहाटे ५.५०)

मी परिचारिका आहे, बरीच वर्षं मनोरुग्णांच्या वॉर्डात काढली. वरच्या शंकेवर माझा अनुभव लिहिते.

आमच्याकडं पेशंट येतो तेव्हा त्याच्या गळ्यात दोन-तीन ताईत असतात. 'बाहेरचं झालंय' म्हणून आधी देवऋषी, मग नरसोबाच्या वाडीला दत्ताच्या पायाशी, मग कुणीतरी सांगितलेला गावठी उपाय, आणि दोन-तीन वर्षं गेल्यावर आम्ही. मी श्रद्धेला नावं ठेवत नाही. माणूस बुडताना जे हाताला लागेल ते धरतो. पण मधली वर्षं फुकट जातात. 'देवराई' आला २००४ साली. मी कितीतरी नातेवाइकांना तो बघायला सांगितला. एक भाऊ बघून आला आणि मला म्हणाला, 'सिस्टर, तो बडबडतो ते मुद्दाम करत नाही, होय ना?' सात वर्षं तो सख्ख्या भावाला मुद्दाम करतोय म्हणून मारत होता.

तेव्हा जयंतीकाठ यांना एवढंच म्हणते, काही वाक्यं भाषणासारखी वाटतात हे खरं. पण ते वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा ऐकणारा माणूसही त्याच अंधारात बसलेला असतो.


जयंतीकाठ (बुधवार, सकाळी ९.१०)

सिस्टर, हे मी लक्षात घेतलं नव्हतं. 'दहावी फ'बद्दल माझं मत तेच, पण 'नितळ' पुन्हा बघतो.


गंगावेस_सकाळ (बुधवार, रात्री ११.४०)

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

आमचे अण्णा चित्रकला शिक्षक. चाळीस वर्षं पोरांना रंग कालवायला शिकवलं. आता तीन वर्षं झाली, मला 'बाई' म्हणतात. कधी 'मास्तरीणबाई'. मी त्यांची थोरली मुलगी. गेल्या हिवाळ्यात पहाटे दार उघडं राहिलं आणि अण्णा गेले. मी, भाऊ, शेजारची पोरं, सगळ्यांनी शिवाजी पेठ पालथी घातली. रंकाळ्याकडं जायचं धाडस मला होत नव्हतं, भावाला पाठवलं. मी पंचगंगेच्या बाजूनं निघाले.

गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशी बांधलेल्या, पेल्यात धार काढून देणं चाललेलं. तिथं एका म्हशीशेजारी उलट्या घमेल्यावर अण्णा बसलेले, अंगावर कुणाचं तरी घोंगडं. पायात काही नव्हतं, म्हणून पाय पोत्यात घातलेले. साठीच्या एक बाई, नऊवारी खोचलेली, हातात पितळी पेला धरून त्यांच्यापुढं उकिडव्या बसलेल्या. अण्णा घोट घ्यायचे आणि पेल्यातल्या फेसाकडं बघत थांबायचे. त्या घाई करत नव्हत्या. मिशीला लागलेला फेस त्यांनी पदराच्या टोकानं पुसला, लहान पोराचं पुसतात तसा, खालून वर. मग मला बघून म्हणाल्या, 'तुमचं हाय व्हय? पांढरा रंग चांगला जमलाय म्हणतंय सारखं.' गिऱ्हाईक रांगेत उभं होतं. कुणी आवाज चढवला नाही.

मी रडले नाही तिथं. घरी येऊन भावावर ओरडले, दार कुणी उघडं ठेवलं म्हणून. ते दार मीच उघडं ठेवलं होतं, कचरा टाकून आल्यावर. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

'अस्तु' मी त्यानंतर महिन्याभरानं बघितला, एकटीनं, फोनवर, आवाज बारीक करून. निपाणीवाली ताई, तुम्ही इराबद्दल लिहिलंत ते मी चारदा वाचलं. मला त्या दूधवाल्या बाईंचा थोडा रागही येतो, खरं सांगते. त्यांना वीस मिनिटं जमलं ते मला दिवसभर जमत नाही. आणि मग वाटतं, त्यांनी वीस मिनिटं धरलं म्हणून पुढचे दिवस मला मिळाले. सिनेमात हे दोन्ही आहे. म्हणून तो मला खरा वाटला.


निपाणीवाली (गुरुवार, सकाळी ६.३०)

ताई, वाचलं. माझ्या मावशीला आम्ही सहा वर्षं सांभाळलं. दार एकदा आमचंही उघडं राहिलं होतं. तुमच्याकडं दुपारी दोन तास येऊन बसायला माणूस हवं असेल तर निरोप करा. मी शिवाजी पेठेपासून लांब नाही.


वरुणतीर्थ (गुरुवार, रात्री ९.००)

गंगावेस ताई, तुमचा प्रतिसाद मी माडीवरच्या सगळ्यांना वाचून दाखवला. दुसरं काही लिहीत नाही.

जयंतीकाठ यांनी विषय की सिनेमा विचारलं, त्याबद्दल थोडं. हे सिनेमे कुणाच्या पैशावर झाले ते बघितलं पाहिजे. मोठा निर्माता मागं नाही. ओळखीचे लोक, त्या त्या दुखण्यावर काम करणारी माणसं, यांनी हात दिला. 'कासव'चे निर्माते भावे, सुकथनकर आणि मोहन आगाशे, जे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. सिनेमा घेऊन गावोगाव जायचं, दाखवायचा, नंतर लोकांशी बोलत बसायचं. ज्यांच्यासाठी केला त्यांच्यासमोर तो उभा राहणार हे धरूनच तो लिहिलेला आहे. त्यामुळं कधी कधी वाक्य मोठं होतं. पण त्यामुळंच त्यांना पंचवीस वर्षं कुणाची परवानगी मागावी लागली नाही. हिरो लागत नव्हता, खलनायक लागत नव्हता. आणि जसजसं वय वाढलं तसं बोलणं कमी होत गेलं. 'दहावी फ' आणि 'कासव' शेजारी ठेवून बघा, मधल्या चौदा वर्षांत पात्रं किती गप्प झालीत. 'संहिता'त तर गाण्यानंच बरंचसं सांगितलं. आरती अंकलीकर-टिकेकर यांना त्यातल्या गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, शैलेंद्र बर्वे यांना संगीतासाठी.

१९ एप्रिल २०२१ ला भावे गेल्या आणि महिन्याभरानं 'दिठी' घरोघरी फोनवर आणि टीव्हीवर आला. दि. बा. मोकाशींच्या 'आता आमोद सुनासि आले' या कथेवरचा. रामजी लोहार, तीस वर्षं वारी केलेला, त्याचा तरणा मुलगा पुरात गेला. विठ्ठलावर रुसून, चिडून बसलाय. त्याच रात्री गावातली गाय अडलीय आणि तिला सोडवणारा हात रामजीचाच. किशोर कदम आहे. मी त्या वेळी लॉकडाउनमध्ये एकट्यानं बघितला होता, आता सगळ्यांसोबत बघायचाय. सुकथनकरांनी पुढं २०२४ ला 'आउटहाउस' केला, शर्मिला टागोर आणि आगाशेंना घेऊन. तोही नंतर बघू.

रविवारी दुपारी साडेतीन. ज्यांना यायचंय त्यांनी मला निरोप करा, पत्ता कळवतो. जिना अरुंद आहे, छत्र्या खालीच ठेवा.


भुदरगडी (गुरुवार, रात्री ९.२५)

आईला घेऊन येतोय. गारगोटीहून एकची गाडी धरतो. तिला 'दोघी' ज्यांनी केला त्यांचाच हा सिनेमा हे सांगितलंय.


गंगावेस_सकाळ (शुक्रवार, सकाळी ७.१५)

अण्णांना आणलं तर चालेल का? ते मधेच उठतील. बोलतीलही. पण वारीचे अभंग लागले की त्यांना शब्द येतात, अजून येतात.


वरुणतीर्थ (शुक्रवार, सकाळी ७.२०)

आणा. जिन्यावरनं वर आणायला आम्ही चौघं खाली थांबतो. त्यांची खुर्ची चादरीजवळ ठेवू, आणि मी दाराशी बसतो.